गुण उपजत की पदरचे?

दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजले की आमच्या हॉलचा ताबा दुसऱ्यांकडे जातो. आमचे धाकटे भाऊजी आणि त्यांचे चार मित्र, सगळे तिशीच्या आसपासचे, चांगल्या नोकऱ्या करणारे, दाढ्या वाढवलेले घोडे, जेवणाच्या टेबलाभोवती कोंडाळं करून बसतात. समोर कागद, पेन्सिली, खोडरबर आणि रंगीबेरंगी फासे. फासेही आपल्या सारीपाटातले नव्हेत, कुणाला आठ बाजू, कुणाला बारा, तर एकाला चक्क वीस! मग रात्री दहापर्यंत 'मी दाराला कान लावतो', 'मी तलवार उपसतो' असल्या गप्पा. मला त्यांच्याकडून एकच काम असतं, मध्यंतरात पोहे. तीन वर्षं मी पोहे दिले आणि कानांवर हात ठेवले. पण मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात या खेळानं मला माझ्याच वर्गात, माझ्याच हजेरीपटासमोर खाली मान घालायला लावली. ती हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

त्याआधी खेळ काय ते थोडक्यात सांगते. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. यात पट नसला तरी चालतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि अडचण आली की फासा टाकतात. प्रत्येक पात्राचे सहा गुण कागदावर आकड्यांत मांडलेले असतात. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर छाप पाडण्याची हातोटी. पात्राला पेशा असतो, म्हणजे योद्धा, जादूगार, चोर वगैरे. आणि पात्राला वंश असतो. माणूस तर आहेच, पण बुटका, दाढीवाला, खाणीत राहणारा ड्वार्फ आहे, सडपातळ, टोकदार कानांचा एल्फ आहे, वीतभर उंचीचा, नशीबवान हाफलिंग आहे.

आमची चिऊ अकरा वर्षांची. काकाच्या मांडीवर बसून बघता बघता एके दिवशी म्हणाली, "मलाही खेळायचंय. मी ड्वार्फ होणार, आणि जादूगार होणार."

एवढंसं वाक्य, पण टेबलाभोवती जी जुंपली म्हणता! मित्रांपैकी एक जण जुन्या मताचा. तो म्हणाला, "ड्वार्फ आणि जादूगार? अगं, ड्वार्फनं कुऱ्हाड घ्यावी. जादू एल्फच्या जातीला शोभते." दुसरा म्हणाला, "ते गेलं. नव्या नियमात कुणीही काहीही होऊ शकतं." त्यावर पहिला उसळून म्हणाला, "मग ड्वार्फ ड्वार्फ कशाला म्हणायचा? नुसती दाढी लावलेली माणसं झाली सगळी!"

मी पोह्यांवर खोबरं पेरत होते. 'जातीला शोभतं' हे शब्द ऐकले आणि हात थांबला. हे वाक्य मी कुठं ऐकलंय, ते तुम्हाला सांगायला नको. "मुलीच्या जातीला शोभत नाही" ऐकत ऐकतच आपण मोठ्या झालो. झाडावर चढणं शोभत नाही, मोठ्यानं हसणं शोभत नाही. मला बी.ए.ला गणित घ्यायचं होतं. "मुलीच्या जातीला गणित घेऊन काय करायचंय?" असं घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी म्हटलं आणि मी मराठी घेतलं. मराठी मला आवडतं, तक्रार नाही. पण ते वाक्य अजून रुतलेलं आहे.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी भाऊजींना म्हटलं, "ते नियम मला एकदा दाखवा बघू." भाऊजींना जुनी पुस्तकं जमवण्याचा षोक. त्यांनी कपाटच माझ्यासमोर रिकामं केलं. दुपारची निजानीज झाल्यावर आठवडाभर मी ती चाळली. जे वाचलं ते गंमतीचंही होतं आणि विचारात पाडणारंही.

अगदी पहिल्या, १९७४च्या नियमांत ड्वार्फला फक्त योद्धा होता येई, तेही सहाव्या पायरीपर्यंत. हाफलिंग चौथ्या पायरीवर थांबे. माणसाला मात्र वर जायला आडकाठी नाही. का, तर अंधारात दिसणं, गुप्त दारं सापडणं अशा खुब्या इतर वंशांना जन्मतः मिळत आणि माणसाला काहीच मिळत नसे. मग माणूस कोण घेणार? शिवाय गायगॅक्स यांना त्यांच्या जगात माणसाचंच वर्चस्व हवं होतं. १९८१च्या सोप्या आवृत्तीत तर ड्वार्फ हाच एक पेशा होता. ड्वार्फ म्हणून जन्मलात, संपलं, तोच तुमचा धंदा. वाचताना मला आपल्याकडची आडनावं आठवली, सुतार, लोहार, कुंभार. हसू आलं आणि लगेच विरलंही.

आणि १९७८च्या पुस्तकात तर एक तक्ता सापडला की मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. प्रत्येक वंशाला ताकद जास्तीत जास्त किती असू शकते, याचे दोन रकाने, एक पुरुषाचा, एक बाईचा! हाफलिंग पुरुष सतरापर्यंत जाई, हाफलिंग बाई चौदालाच थांबे. माणसांतही बाईची कमाल मर्यादा पुरुषापेक्षा खाली. अहो, खेळ कल्पनेचा! त्यात सरडे आग ओकतात, मेलेले चालतात, दगडाला तोंड फुटतं, हे सगळं चालतं. फक्त बाईनं पुरुषाइतकं ओझं उचललेलं चालत नाही! दोन हंडे आणि कडेवर पोर घेऊन विहिरीचा चढ चढणारी माझी आजी त्या तक्त्यात कुठं बसली असती, कोण जाणे. तो बायकांचा रकाना पुढं १९८९च्या आवृत्तीत काढून टाकला. पण ड्वार्फला जादू शिकायची मुभा मिळायला २००० साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळे पेशे सगळ्यांना खुले झाले आणि पायऱ्यांची अटही गेली.

इथपर्यंत माझं मत अगदी पक्कं झालं होतं. जुने नियम वाईट, नवे चांगले. पुढच्या शनिवारी त्या जुन्या मताच्या मित्राला चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून मी पोहे ढवळत होते. पण तो आधीच स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि म्हणाला, "वहिनी, मला चिऊला अडवायचं नव्हतं हो. पण ऐका. जुन्या ड्वार्फला जादू येत नव्हती, कारण जादू त्याच्या अंगालाच लागत नसे. दुसऱ्यानं त्याच्यावर मंत्र टाकला तरी तो सहज झेलायचा. ते उणं आणि ते अधिक एकाच मुळातून आलेलं. आता उणंही काढलं, हळूहळू अधिकही पातळ केलं. २०१४च्या नियमात ड्वार्फ इतरांपेक्षा हळू चालायचा, आखूड पायांमुळं. पण अंगावर कितीही जड चिलखत घातलं तरी त्याचा वेग कमी व्हायचा नाही. मला ते फार आवडायचं. २०२४च्या नियमात तो सगळ्यांइतकंच चालतो. न्याय झाला, पण माझा ड्वार्फ हरवला."

मी काही बोलले नाही. बोलणार काय? माझ्या ओट्यावर काय शिजत होतं ते मला दिसत होतं.

मी खानदेशातली, जळगावकडची. सासर कोकणातलं. मी लग्न होऊन आले तेव्हा या स्वयंपाकघराचे नियम कडक होते. आमटी अशीच, फोडणी अशीच, ओलं खोबरं हवंच. माझं वांग्याचं भरीत, शेवेची भाजी, कळण्याची भाकरी यांना इथं 'तुमच्याकडचं' म्हणत. पण तेव्हा मी हट्टानं भरीत करायची. माहेरून वांगी यायची, मी ती गॅसवर भाजायची, घरभर धूर व्हायचा. सासूबाई नाकाला पदर लावून बसायच्या आणि मग हळूच दोन घास जास्त घ्यायच्या. पुढं त्या मवाळ झाल्या. एक दिवस म्हणाल्या, "तुला हवं तसं कर गो." नियम सुटले. आता आमच्याकडे सोमवारी डोसा, बुधवारी पास्ता, रविवारी छोले. सगळं चालतं. पण भरीत शेवटचं कधी केलं ते मला आठवेना. अहिराणीत मी आईशी फोनवर बोलते तेव्हा चिऊ विचारते, "तू कुठल्या भाषेत बोलतेस?" कुणी बंदी केली नाही, हो. बंदी उठली आणि माझा हट्टही उठला.

म्हणजे तो मुलगा म्हणत होता त्यात काहीतरी होतं. सगळ्यांना सारखं करायच्या नादात वेगळेपण निसटतं. पण तो काय हरवलं म्हणत होता आणि मी काय हरवलं होतं, या दोन गोष्टी एक नव्हत्या. ते मला जरा हिशेब केल्यावर कळलं.

हो, हिशेब! राहून गेलेलं गणित कधीतरी उपयोगी पडलं. २०१४च्या नियमांत ड्वार्फला काटकपणात दोन गुण वाढवून मिळत, एल्फला चपळाईत दोन, आणि बुद्धीत दोन मिळत ते नोम नावाच्या एका छोट्या वंशाला. म्हणजे जादूगार व्हायचं तर नोमनं सतरा बुद्धीनं सुरुवात करावी आणि ड्वार्फनं पंधरानं. पण हे दोन गुण प्रत्यक्ष फाशावर उतरतात तेव्हा त्यांचा होतो फक्त एक. म्हणजे वीस वेळा फासा टाकला तर एखाद्या वेळी फरक पडणार. पण खेळाडू मोठे हिशेबी. त्या एका गुणासाठी जो तो नोम जादूगार आणि एल्फ तिरंदाजच घेई. ज्याला आपण वंशाचं वेगळेपण म्हणत होतो, त्यानं सगळे एल्फ एकसारखे आणि सगळे ड्वार्फ एकसारखे करून ठेवले होते!

२०२०च्या जूनमध्ये खेळाच्या कंपनीनं कबूल केलं की, ऑर्कसारखे अख्खे वंश जन्मतःच दुष्ट आणि राक्षसी दाखवण्यात खऱ्या जगातल्या माणसांना हिणवण्याचाच वास येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या पुस्तकानं ते वाढीव गुण हव्या त्या रकान्यात हलवायची मुभा दिली. २०२४च्या नव्या मुख्य पुस्तकात तर 'वंश' हा शब्दही गेला, 'प्रजाती' आला. वाढीव गुण आता प्रजातीवर अवलंबून नाहीत, ते मिळतात पात्राच्या पार्श्वभूमीवरून, म्हणजे तुम्ही कुठल्या वळणात वाढलात त्यावरून. अर्धा माणूस अर्धा एल्फ असा एक जुना वंश होता, तो या पुस्तकात वेगळा राहिलाच नाही. जुन्या पुस्तकातला घेऊन खेळायला हरकत नाही म्हणतात, पण चिऊ हिरमुसली. म्हणाली, "मी तर अर्धी खानदेशी, अर्धी कोकणी. मग माझ्यासारख्यांनी कुठं जायचं?"

पण आता मुद्द्याची गोष्ट. त्या शनिवारी सगळ्यांच्या आग्रहावरून मीही खेळायला बसले. (पोहे त्या दिवशी आमच्या ह्यांनी केले. मीठ जास्त होतं, कुणी बोललं नाही.) मीही ड्वार्फच घेतला. पार्श्वभूमीची यादी भाऊजी वाचत गेले आणि मी म्हटलं, "शेतकरी. माझे वडील शेतकरी."

भाऊजी म्हणाले, "शेतकरी घेतलात तर ताकद, काटकपणा आणि शहाणपण यांत वाढ मिळते."

"आणि बुद्धी?"

"बुद्धीत नाही, वहिनी. ती विद्वानाला मिळते."

मैत्रिणींनो, माझा चेहरा बदललेला सगळ्यांना दिसला असणार. माझे वडील सातवी शिकलेले. कापसाच्या गाड्या मोजायला व्यापारी आला की तो कागदावर आकडे मांडायच्या आत आण्णांनी क्विंटलचा भाव, तूट, हमाली सगळं तोंडी सांगितलेलं असायचं. त्यांना बुद्धी नाही? जन्माचं ओझं उतरवलं म्हणता आणि वळणाचं लगेच डोक्यावर देता? मी जरा तणतणलेच. भाऊजी घाईघाईनं म्हणाले, "अहो वहिनी, सूत्रधाराच्या पुस्तकात नवी पार्श्वभूमी बनवायची सोय आहे. आपण बनवू." मग आम्ही 'कापूसवाल्याची लेक' अशी एक बनवली. बुद्धी, काटकपणा आणि शहाणपण.

खेळ सुरू झाला. मी मात्र खेळात नव्हतेच. कारण आण्णांसाठी भांडता भांडता मला माझ्या पर्समधली एक यादी आठवली होती.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासांना बसवायच्या मुलांची नावं वर्गशिक्षिकांनी द्यायची होती. मी दिली होती, वीस. त्यात एक मुलगा नव्हता. वर्गात उत्तरं देतो, कधी चुकीची पण स्वतःची देतो. आई-वडील दोघंही बांधकामावर. मी त्याचं नाव लिहिलं होतं आणि खोडलं होतं. मनात आलं होतं, घरी अभ्यास कोण घेणार? वातावरण नाही, झेपायचं नाही बिचाऱ्याला. अगदी दयेनंच खोडलं, हो! माझ्या गणितावर काट मारणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांनाही माझी दयाच आली असेल. मी कुणाची जात बघत नाही, असं मी छातीठोकपणे सांगते आणि ते खरंही आहे. मी फक्त पार्श्वभूमी बघितली होती. नव्या पुस्तकासारखी.

तेवढ्यात चिऊनं मला कोपरानं ढोसलं. तिची पाळी होती. आम्ही एका तळघरात अडकलो होतो, दिवा विझला होता, पलीकडं काहीतरी वाजत होतं. जुन्या मताचा तो मित्र म्हणाला, "दार फोडू या." चिऊ म्हणाली, "थांबा. मी ड्वार्फ आहे ना? मी दगडावर पाय रोवते." नव्या नियमांत ड्वार्फला ही एक नामी खुबी आहे. दगडावर उभं राहिलं की दहा मिनिटं साठ फुटांच्या आतली हालचाल त्याला दगडातून कळते. भाऊजींनी डोळे बारीक करून सांगितलं, "पलीकडं एक जण नाही. पाच जण आहेत. आणि दोघं दाराच्या अगदी मागं दबा धरून आहेत." दार फोडलं असतं तर आमचा निकालच होता. मग चिऊनं जादूचा अग्निबाण सोडला. फाशावर पडले तीन. त्या तिनापुढं नोमचा तो एक वाढीव गुणही कामी आला नसता! पण टेबलावरचे सगळे टाळ्या वाजवत होते आणि तो मित्र म्हणाला, "वहिनी, हा ड्वार्फ हरवलेला नाही बरं का."

मला तेव्हा उमगलं ते असं. ज्यानं तुमची पायरी आधीच ठरते ते वेगळेपण नव्हे. ती नुसती अडसर. आणि दगडातून पावलं ओळखता येणं, हे वेगळेपण. ते कुणाला कमी करत नाही, उलट सगळ्यांच्या कामी येतं. पण ते वापरावं लागतं. चिऊला ऐन वेळी आठवलं म्हणून ते होतं. आठवलं नसतं तर पुस्तकात लिहिलेलं असूनही नव्हतंच. माझ्या भरतासारखं.

सोमवारी मी शाळेत गेले आणि यादीत एकविसावं नाव लिहिलं. मुख्याध्यापिका बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, "माझी चूक झाली होती." आता तुम्हाला वाटेल, तो मुलगा पहिला आला असेल. नाही हो. तो कधी उशिरा येतो, कधी धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन येतो, परवाच्या चाचणीत त्याला मधलेच गुण पडले. पण क्षेत्रफळाचं एक उदाहरण त्यानं फळ्यावर विटांच्या ओळी काढून सोडवलं आणि ती रीत आता अर्धा वर्ग वापरतो. ही रीत आमच्या कुठल्या गाइडात नाही. ती त्याला कुठून आली ते मी जाणते, आणि ते 'वातावरण नसणं' खास नव्हे.

आणि हो, गेल्या रविवारी मी भरीत केलं. वांगी इथल्याच मंडईतली, त्यामुळं ती चव काही आली नाही, धूर मात्र तितकाच झाला. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. चिऊ म्हणाली, "आई, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" मी म्हटलं, "तुमच्याकडे नाही गं. आपल्याकडे." ती थोडा विचार करून म्हणाली, "म्हणजे मी पूर्ण खानदेशी आणि पूर्ण कोकणी." गणितात हे बसत नाही, पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात, वर्गात, शेजारी अशी एखादी यादी असेलच. 'त्याच्या रक्तातच नाही' म्हणून खोडलेलं नाव आपल्याला चटकन दिसतं आणि राग येतो. 'त्याच्या घरचं वातावरणच तसं' म्हणून आपण स्वतःच्या हातानं खोडलेलं नाव तेवढं बघा. माझं मला अकरा वर्षांच्या एका दाढीवाल्या जादूगारणीनं दाखवलं, एवढंच.